पहिली पुल रिक्वेस्ट पाठवली, दुसरी तिच्यातच जाऊन बसतेय. ब्रँचचं नीट कसं करायचं?

पूर्णाकाठ (परभणी)

नमस्कार मंडळी. परभणीत माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बटईचे करारनामे, सप्ताहाची पत्रकं, दिवसभर मराठीच टंकतो. लिबरऑफिसमध्ये शुद्धलेखन तपासणी चालू केली की पानभर लाल रेघा उमटतात. सालगडी लाल, पऱ्हाटी लाल, तुराटी लाल, येसर लाल, येळवस लाल. (पऱ्हाटी म्हणजे कापसाचं झाड, तुराटी तुरीची काडी, येसर मसाला, येळवस सण.) हे शब्द चुकीचे नाहीत, आजीपासून आमच्या घरात आहेत. पण गिऱ्हाईक पडद्याकडं बघतं आणि म्हणतं, "भाऊ, तिथं लाल आलंय, दुरुस्त करा की." मागच्या महिन्यात एका माणसानं करारनाम्यातला 'सालगडी' काढून 'वार्षिक मजूर' घालायला लावलं. मला ते फार लागलं.

शोधाशोध केली तेव्हा कळलं, की मी वापरतो तो शब्दसंग्रह मुक्त आहे, गिटहबवर (गिट नावाची प्रणाली वापरून लोक मिळून काम करतात त्या संकेतस्थळावर) ठेवलेला आहे आणि कुणीही भर सुचवू शकतं. हनस्पेल या शुद्धलेखन तपासणाऱ्या प्रोग्रॅमच्या पद्धतीची साधी मजकुराची फाइल, एका ओळीत एक शब्द. रात्री दुकान बंद केल्यावर बसलो. फोर्क केलं (गिटहबवर स्वतःची प्रत), क्लोन केलं (ती संगणकावर उतरवली), शेतीचे बारा शब्द घातले, कमिट (बदलाची नोंद). स्वयंपाकाचे अकरा घातले, कमिट. फाइलच्या पहिल्या ओळीत एकूण शब्दांचा आकडा असतो, तो दोन्ही वेळा वाढवला. दुसऱ्या वेळी चुकला होता, म्हणून तिसरा कमिट करून दुरुस्त केला. पुश करून (फोर्कवर चढवून) पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल घ्यायची विनंती, काढली. हे सगळं मेन या मुख्य ब्रँचवरच.

प्रकल्प सांभाळणाऱ्यांचं उत्तर दोन दिवसांत आलं. शेतीचे शब्द त्यांना पटले, स्वयंपाकाच्या काहींबद्दल शंका आहेत. तोवर मी येळवशीचे शब्द घातले होते, तेही मेनवर. पुश केलं आणि तेही त्याच जुन्या रिक्वेस्टमध्ये जाऊन बसले! नवी काढायला गेलो तर एक आधीच उघडी आहे म्हणतंय. आता शेतीचे शब्द मंजूर असूनही अडकलेत, कारण त्यांच्या पाठीला बाकीचे बांधलेत. वाट सांगा कुणीतरी.

(कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या तरी चालतील, टंकताना मी बघून घेतो.)

मांजराकाठ (लातूर, सध्या पुणे)

पूर्णाकाठ दादा, आधी एक सांगते, काहीही वाया गेलेलं नाही. तुमचे कमिट वेगवेगळे आहेत ना, शेतीचा एक, स्वयंपाकाचा एक? मग अर्धं काम तुम्ही करूनच ठेवलंय.

ब्रँच म्हणजे फाइलींची वेगळी प्रत, वेगळं फोल्डर, असं बऱ्याच जणांच्या डोक्यात असतं. तसं नसतं. ब्रँच म्हणजे पोथीत घातलेली खूण. एखाद्या कमिटकडं बोट दाखवणारी छोटीशी फाइल, आत चाळीस अक्षरांचा त्या कमिटचा क्रमांक, बस. तुम्ही नवा कमिट केला की ज्या खुणेवर उभे आहात ती खूण एक पाऊल पुढं सरकते. म्हणून ब्रँच काढायला काही लागत नाही, जागाही नाही आणि वेळही नाही. लिनस टॉरव्हल्ड्सनं २००५ साली लिनक्सच्या कर्नलसाठी (त्या संगणक प्रणालीच्या गाभ्यासाठी) गिट लिहिलं. तिथं असंख्य लोक एकाच वेळी काम करतात, ब्रँच महाग असती तर ते चाललंच नसतं.

आणि पुल रिक्वेस्ट ही कमिटांची यादी नसते. ती 'माझ्या या ब्रँचवर जे आहे ते तुमच्याकडं ओढून घ्या' अशी विनंती असते. तुमच्या फोर्कवर लिहायचा हक्क तुम्हाला, मूळ प्रकल्पावर त्यांना. तुम्ही तिकडं ढकलू शकत नाही, ते तुमच्याकडून ओढून घेतात, म्हणून 'पुल'. विनंती बांधलेली असते ब्रँचला. ब्रँच पुढं सरकली की विनंतीही सरकते. तपासणाऱ्यानं दुरुस्ती सांगितली, तर तुम्ही त्याच ब्रँचवर नवा कमिट करता आणि तो आपोआप तिथं दिसतो. चालू रिक्वेस्टमध्ये हीच सोय असते. तुम्ही मेन ब्रँचच विनंतीला बांधली, त्यामुळं मेनवर जे जाईल ते सगळं तिच्यात.

आता सोडवायचं कसं ते. मूळ प्रकल्पाचा पत्ता तुमच्या क्लोनला सांगा, रीतीप्रमाणे त्याला अपस्ट्रीम म्हणतात:

गिट रिमोट ॲड अपस्ट्रीम (इथे मूळ प्रकल्पाचा पत्ता)
गिट फेच अपस्ट्रीम

मग आत्ता जिथं आहात तिथं एक खूण ठेवून द्या. ही पायरी गाळू नका:

गिट ब्रँच जुने-काम

आता मूळ प्रकल्पाच्या ताज्या मेनवरून शेतीसाठी कोरी ब्रँच:

गिट स्विच -सी शेती-शब्द अपस्ट्रीम/मेन

'गिट लॉग --वनलाइन जुने-काम' असं बघितलं की प्रत्येक कमिटचा छोटा क्रमांक दिसेल. शेतीच्या कमिटचा उचला आणि तेवढाच कमिट या ब्रँचवर आणा:

गिट चेरी-पिक (तो क्रमांक)
गिट पुश -यू ओरिजिन शेती-शब्द

(ओरिजिन म्हणजे तुमचा फोर्क.) गिटहबवर जाऊन या ब्रँचची नवी रिक्वेस्ट काढा. मग स्वयंपाकासाठी पुन्हा अपस्ट्रीम/मेनवरूनच वेगळी ब्रँच, येळवशीसाठी तिसरी. शेती-शब्दवर उभं राहून पुढची ब्रँच काढू नका, नाहीतर शेतीचे शब्द तिच्यात शिरतील आणि परत तीच गाठ.

उघडलेल्या रिक्वेस्टची ब्रँच मागून बदलता येत नाही. म्हणून जुन्या रिक्वेस्टवर दोन ओळी लिहा, 'विषयवार तीन केल्या आहेत, या बघा', आणि ती बंद करा. त्यानंतरच मेन साफ करायची, म्हणजे मूळ प्रकल्पाच्या मेनसारखी करायची:

गिट स्विच मेन
गिट रिसेट --हार्ड अपस्ट्रीम/मेन
गिट पुश --फोर्स-विथ-लीज ओरिजिन मेन

नुसतं --फोर्स वापरू नका. विथ-लीज असलं की मधल्या काळात तिथं दुसरं काही येऊन पडलं असेल तर गिट थांबतं. इथून पुढं मेनवर एकही कमिट करायचा नाही. ती मूळ प्रकल्पाचा आरसा म्हणून ठेवायची.

गोदाकाठचा (नांदेड)

पूर्णाकाठ भाऊ, एक छोटी गोष्ट, कारण मी यात दोन दिवस घालवलेत. फाइलचं नाव देवनागरीत असलं तर 'गिट स्टेटस'मध्ये नावाऐवजी तिरप्या रेघा आणि आकडे दिसतात, तीन-तीनचे. मला वाटलं फाइल बिघडली. फाइल ठीक असते, गिट फक्त दाखवताना तसं दाखवतं.

गिट कॉन्फिग --ग्लोबल कोअर.कोटपाथ फॉल्स

एवढं एकदा केलं की नावं सरळ मराठीत दिसतात.

माझं कॉलेजचं शेवटचं वर्ष आहे. आमच्याकडं प्रोजेक्ट अजून झिप करून व्हॉट्सॲपवर फिरवायलेत. 'फायनल', 'फायनल २', 'खरंच फायनल'. या धाग्यातलं मी माझ्या ग्रुपला वाचायला देतो.

जालन्याचे मास्तर

धागा आवडला. गिटमधलं मला मुलांना शिकवण्यापुरतं येतं, पण मुद्दा भाषेचा आहे म्हणून लिहितो. तीस वर्षं मराठी शिकवतोय. शुद्धलेखन तपासणीत बोलीतले शब्द घालावेत का? 'सालगडी', 'पऱ्हाटी', 'तुराटी' यांबद्दल वाद नाही, हे शब्दच आहेत, त्यांना दुसरा पर्याय नाही. 'येळवस' मात्र मला खटकतं. मूळ 'वेळ अमावस्या'. उद्या कुणी 'येळ' घालेल, 'इहीर' घालेल, आणि विद्यार्थ्यानं 'विहीर'च्या जागी 'इहीर' लिहिलं तर त्याला लाल रेघ दिसणारच नाही. आमच्या भागातल्या पोरांना आधीच परीक्षेत यावरून गुण जातात. त्यांना तपासणीची मदत नको का?

मांजराकाठ

सर, तुमचं म्हणणं रास्त आहे आणि ते प्रकल्पाच्या ठिकाणी मांडायलाच हवं. माझं मत वेगळं आहे. लातूर-धाराशिवकडं येळवस हे सणाचं नाव आहे. मार्गशीर्षातल्या अमावस्येला सगळं गाव शेतात असतं, भज्जी, आंबील, उंडे. त्या दिवसाला घरात 'वेळ अमावस्या' म्हणणारं मी कुणी ऐकलेलं नाही. नावाला त्याच्या गावातलं रूप असतं. 'इहीर' हे 'विहीर'चं उच्चाररूप आहे, 'येळवस' हे आता स्वतंत्र नाव झालंय.

पण बघा, ब्रँच वेगळी का हवी हे आपल्या दोघांच्या वादातूनच दिसतंय. हा वाद महिनाभर चालू शकतो, चालावाही. पण त्यासाठी 'सालगडी'नं महिनाभर का थांबायचं? बिनवादाचे शब्द एका रिक्वेस्टमध्ये, वादाचा शब्द त्याच्या स्वतःच्या. मग 'येळवस' नाकारला गेला तरी बाकीच्यांना धक्का लागत नाही, आणि पाच वर्षांनी कुणी विचारलं की हा का घेतला किंवा का नाही घेतला, तर सगळी चर्चा त्या एका रिक्वेस्टखाली सापडते. मी नोकरीत रोज पुल रिक्वेस्ट तपासते. सत्तर फाइलींची एक रिक्वेस्ट आली की कुणीच ती मन लावून वाचत नाही, मीही नाही. वरवर बघून होकार जातो आणि चुका आत शिरतात. दहा ओळींची असली की प्रत्येक ओळ वाचली जाते.

सर, तुम्ही तुमचं मत रिक्वेस्टखाली लिहा. त्यासाठी कोड यावा लागत नाही. फाइलमधल्या नेमक्या ओळीला धरून टिप्पणी करता येते. तीस वर्षं मराठी शिकवलेला माणूस तिथं बोलला तर प्रकल्पाला मोल आहे.

पूर्णाकाठ

ताई, सर, मनापासून आभार. पण माझ्या हातून गडबड झाली. रात्री साडेअकराला बसलो, घाईत 'जुने-काम'ची खूण ठेवायची राहिली आणि आधी रिसेट --हार्ड मारून बसलो. फोर्स-पुशही झाला. गिटहबवर जुनी रिक्वेस्ट आपोआप बंद झाली. लॉगमध्ये माझा एकही कमिट दिसत नाही. सव्वीस शब्द होते, प्रत्येकाचं व्याकरण लावून. वहीत नुसते शब्द आहेत, कोणते प्रत्यय चालतात ती चिन्हं नाहीत. काही करता येईल का?

मांजराकाठ

येईल, शांत व्हा. कमिट केलं होतं ना? मग ते तुमच्या संगणकावर आहे. फक्त त्याच्याकडं बोट दाखवणारी खूण नाही. हे टंका:

गिट रिफ्लॉग

तुम्ही कधी कुठं उभे होता त्याचा रोजमेळ दिसेल, सगळ्यात अलीकडचं वर. 'रिसेट: मूव्हिंग टू' अशी ओळ असेल, तिच्या खालच्या ओळीवर रिसेटच्या आधीची जागा आहे. डावीकडचा क्रमांक घ्या आणि:

गिट ब्रँच जुने-काम (तो क्रमांक)

असे बेवारस कमिट गिट एरवी ३० दिवस तरी या रोजमेळात धरून ठेवतं, तेव्हा आजच करा. कमिट न केलेलं काम मात्र रिसेट --हार्डनं जातं ते जातंच, ते रिफ्लॉगमध्ये नसतं. म्हणून अर्धवट असलं तरी ब्रँचवर कमिट करत जावं.

पूर्णाकाठ

सापडलं! सव्वीसच्या सव्वीस. पहाटे तीनला उठून केलं, झोप लागत नव्हती.

शेती-शब्द चेरी-पिक सरळ झाला. स्वयंपाकाच्या वेळी कॉन्फ्लिक्ट (एकाच ओळीवर दोन बदलांची टक्कर) आला आणि तोही गंमत म्हणजे शब्दांवर नाही, पहिल्या ओळीवर. फाइल उघडली तर सात वेळा डावीकडं टोक असलेलं चिन्ह, त्याखाली मूळ प्रकल्पाचा आकडा, मग बरोबरच्या सात खुणा, मग माझा आकडा, मग सात उजवी चिन्हं. आता खरा आकडा कोणता? शेतीची रिक्वेस्ट आधी घेतली तर एक, स्वयंपाकाची आधी घेतली तर दुसरा.

मांजराकाठ

अगदी योग्य प्रश्न. उत्तर: तो आकडा तुम्ही बदलायचाच नाही. हनस्पेलला त्या ओळीतला आकडा फक्त संगणकाच्या आठवणीत (मेमरीत) जागा किती धरायची याचा अंदाज म्हणून लागतो, दहा-वीस इकडंतिकडं झाले तर काही बिघडत नाही. तुम्ही दोन रिक्वेस्टमध्ये बदललात, त्याच वेळी कोल्हापूरचं कुणी तिसरीत बदललं, तर तिघांचा त्या एका ओळीवर कॉन्फ्लिक्ट ठरलेला. ज्या ओळीला सगळे हात लावतात ती ओळ सांभाळणाऱ्यांवर सोडायची. कॉन्फ्लिक्टमध्ये वरचा, म्हणजे मूळ प्रकल्पाचा आकडा ठेवा, तिन्ही खुणांच्या ओळी आणि तुमचा आकडा पुसा, फाइल जतन करा, 'गिट ॲड' करून:

गिट चेरी-पिक --कंटिन्यू

तिसरा, फक्त आकडा दुरुस्त करणारा कमिट उचलूच नका. शेतीच्या कमिटमध्येही आकडा बदललेला असेल, त्याच ब्रँचवर एक कमिट करून तो पूर्ववत करा.

कमिटच्या निरोपात 'शब्द घातले' एवढंच लिहू नका. 'शेतीतील बारा नामे. परभणी, हिंगोली भागात करारनाम्यांत आणि बोलण्यात नेहमी वापर' असं लिहा. तपासणारा कदाचित मुंबईत बसलाय. त्याला तुराटी माहीत असेलच असं नाही.

किनवटची वाट

मी फाँटचं काम करते, म्हणून कुतूहलानं पूर्णाकाठ यांची शेतीची रिक्वेस्ट उघडून बघितली. सांभाळणाऱ्यांनी 'पऱ्हाटी'वर विचारलंय की हा शब्द यादीत आधीच आहे, मग पुन्हा का? आणि पूर्णाकाठ म्हणतायत की माझ्याकडं लाल येतो. दोघंही खरं बोलताहेत.

'ऱ्ह'मधला तो आडवा र दोन प्रकारे साठवता येतो. एक, युनिकोडमधला नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त. दुसरा, साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द. यादीत एक रूप आहे, पूर्णाकाठ यांचा कळफलक दुसरं उमटवतो. गिटचा डिफ, म्हणजे जुन्या-नव्या ओळींतला फरक, अशा वेळी गोंधळात टाकतो, कारण डोळ्याला दोन्ही ओळी एकच दिसतात. 'वऱ्हाड', 'तऱ्हा', 'दुसऱ्या', 'शेतकऱ्याला', सगळ्यांना हेच लागू आहे, म्हणजे हा प्रश्न एका शब्दाचा नाहीच. एक एक शब्द दोनदा घालण्यापेक्षा हनस्पेलच्या नियमांच्या फाइलीत एका रूपाचं दुसऱ्यात रूपांतर करायची सोय आहे, ती वापरावी. माझं सुचवणं: 'पऱ्हाटी' शेतीच्या रिक्वेस्टमधून काढा, आणि ही दुरुस्ती स्वतंत्र ब्रँचवर मी करते. ती फक्त मराठवाड्यापुरती नाही, साऱ्या मराठीला उपयोगी पडेल.

जालन्याचे मास्तर

'शेतकऱ्याला' शब्दाखाली आमच्या शाळेतल्या एका संगणकावर लाल रेघ येते, दुसऱ्यावर येत नाही. चार वर्षं मी याचं कारण शोधत होतो. आज कळलं. किनवटच्या ताई, तुमची रिक्वेस्ट उघडली की दुवा इथे द्या, माझ्याकडचे नमुने मी तिच्याखाली लिहितो.

पूर्णाकाठ

अकरा दिवसांनी लिहितोय. शेती-शब्द मर्ज झाली, मूळ प्रकल्पात मिसळली! 'पऱ्हाटी' वगळून अकरा शब्द. 'आखाडा' हा त्यांतला एक नव्हता, कारण कुस्तीचा आखाडा म्हणून तो आधीपासूनच यादीत होता. आपला शेतातला आखाडा त्यातच भागतो. 'मोंढा' (धान्याचा बाजार) मात्र नुसता होता, 'मोंढ्यात', 'मोंढ्यावर' लाल यायचं. तपासणाऱ्यांनी दाखवून दिलं, की शब्दापुढं तिरपी रेघ देऊन योग्य चिन्ह लावलं की सामान्यरूपाचे सगळे प्रत्यय चालतात. त्याच ब्रँचवर कमिट केला, तो आपोआप रिक्वेस्टमध्ये आला. ताईंनी सांगितलं होतं अगदी तसंच.

मर्ज झाल्यावर मेन ताजी करून घेतली आणि शेती-शब्द ब्रँच पुसून टाकली. नवी फाइल दुकानातल्या संगणकावर टाकली आणि तो जुना करारनामा उघडला. त्यात आधी होता तसा 'सालगडी' टंकला. रेघ आली नाही. बायकोला बोलावून दाखवलं.

स्वयंपाक-शब्दवर 'येसर' आणि 'धपाटे' मान्य, 'सुशीला'वर प्रश्न आलाय, की हे मुलीचं नाव म्हणून आधीच आहे. चुरमुऱ्याचा सुशीला पुल्लिंगी आहे हे मी लिहिलंय. नांदेडच्या भाऊंनी तिथं दुजोरा द्यावा.

आता येळवस. सरांनी तिथं येऊन आपला विरोध नीट मांडला आणि सांभाळणाऱ्यांनी म्हटलंय, की सणाचं नाव म्हणून घ्यायला हरकत नाही, पण रूपं ठरवून द्या. आमच्याकडं परभणीला हा सण तितका नाही. लातूर-धाराशिवच्या लोकांनी सांगावं, 'येळवशीला' की 'येळवसेला'?

मांजराकाठ

आमच्या घरी येळवशीला. आत्ताच आईला फोन करून विचारलं, तीही तेच म्हणाली, 'येळवशीला ये यंदा.' औशाच्या मावशीला संध्याकाळी विचारते आणि रिक्वेस्टखाली लिहिते.

जालन्याचे मास्तर

माझ्या एका सहकाऱ्याचं गाव निलंग्याजवळ आहे. तेही 'येळवशीला' म्हणतात. मी तसं तिथं नोंदवलं आहे.